पावसात भिजलेला फोन आणि पीकविम्याचे ७२ तास : एक प्रकरण

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ‘चार्जिंग होत नाही’ ही आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण बिघाडासोबत एक मुदतही चालू होती आणि दोन्हींचा गुंता झाला होता. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

गाव दुधना नदीच्या काठावरचं. घरातल्या कर्त्या माणसाला आपण आबा म्हणू. सात एकर जमीन, त्यात पाच एकर सोयाबीन आणि उरलेला कापूस. मोठा मुलगा पुण्याकडे कंपनीत. घरी आबा, त्यांची पत्नी आणि बी.ए.ला शिकणारी धाकटी मुलगी. घरात फोन दोनच : आईचा बटणांचा साधा फोन आणि आबांचा स्मार्टफोन. स्मार्टफोन नावाला आबांचा, पण बँकेचा मेसेज, पीकविम्याची पावती, ई-पीक पाहणी (सरकारी अ‍ॅपवर आपल्या पिकाची नोंद), मुलीचा अभ्यास, पुण्याच्या भावाशी बोलणं हे सगळं त्या एकाच फोनवर चालायचं. फोन टाइप-सी पोर्टाचा, वापरून दोन वर्षं उलटून गेलेली, वॉरंटी संपलेली.

१ आणि २ सप्टेंबर २०२४ ला मराठवाड्यात काय पाऊस झाला ते इथल्या कुणाला सांगायला नको. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. त्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या कितीतरी मंडळांनी ती रेषा ओलांडली. दुसरा दिवस सोमवार, पोळ्याचा. बैल धुवायचे, सजवायचे त्या दिवशी माणसं शेतातलं पाणी काढत होती.

आबा रविवारी रात्री बांध फोडून पाणी वाट करून द्यायला शेतात गेले. फोन शर्टाच्या खिशात, टॉर्च चालू. परत आले तेव्हा शर्ट पिळून काढावा लागला, आणि फोनही तसाच निथळत होता. चालू मात्र होता.

अडचण

पाच एकर सोयाबीन पाण्याखाली. विमा उतरवलेला होता. २०२४ च्या त्या खरिपात पंतप्रधान पीकविमा योजनेत पूर किंवा अतिवृष्टीचं पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत पूर्वसूचना द्यावी लागायची. ती क्रॉप इन्शुरन्स अ‍ॅपवरून देता यायची किंवा १४४४७ या क्रमांकावर फोन करून. अ‍ॅपमध्ये मोबाइल नंबर टाकला की ओटीपी यायचा. पुढे अर्जाचा किंवा पॉलिसीचा क्रमांक लागायचा, आणि बाधित पिकाचा फोटो टाकावा लागायचा. सूचना नोंदली गेली की डॉकेट आयडी, म्हणजे त्या नोंदीचा क्रमांक मिळायचा. रविवार रात्रीपासून मोजलं तर मुदत बुधवारी रात्री संपत होती.

मंगळवारी दुपारी आबा आणि मुलगी दुकानात आले तेव्हा फोन पूर्ण बंद होता. त्याआधी काय काय झालं ते मुलीनं नीट सांगितलं, आणि तिच्या सांगण्यातूनच निम्मं निदान झालं.

रविवारी रात्री घरी आल्या आल्या आबांनी फोन चार्जरला लावला. स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह आणि चार्जर काढा अशी सूचना आली. त्यांना वाटलं चार्जर बिघडला. मग शेजारचा चार्जर आणला, मग त्याच्या भावाचा. प्रत्येक वेळी तेच चिन्ह. नंतर फोन तांदळाच्या डब्यात ठेवला. सोमवारी दिवसभर लाइट नव्हती, गावचं फीडर बंद. फोन तेवढ्या चार्जिंगवर कसाबसा चालला, आणि कुणी ना कुणी मधूनमधून फोन करत राहिल्यानं संध्याकाळी बंद पडला. बंद पडल्यावरही बटण दाबदाबून चालू करायचा प्रयत्न झाला. मंगळवारी सकाळी लाइट आली. चार्जर लावला, थेंबाचं चिन्ह आता नाही, पण चार्जिंगचंही चिन्ह नाही.

“लाइट आल्यापासून लावलाय, पर एक टक्का बी चढंना,” आबा म्हणाले. मग घरच्या कुणीतरी पोर्टात अडकलेला तांदळाचा कण सेफ्टी पिनेनं काढला. तरीही काही नाही. तालुक्याला आल्यावर आधी बसस्टँडजवळच्या एका दुकानात दाखवला. तिथल्या कारागिरानं मीटर लावला, मीटरवर करंट शून्य. त्यानं सांगितलं, चार्जिंग आयसी (मुख्य बोर्डावरची चार्जिंग सांभाळणारी चिप) गेलाय, बोर्डाचं काम आहे, अडीच हजार लागतील आणि डेटाची खात्री नाही.

आबांनी फोन माझ्या काउंटरवर ठेवला आणि विचारलं, “मदरबोर्ड गेलाय म्हणतेत. नवाच घ्यावा का?”

पहिला निर्णय : आधी काम, मग फोन

मी फोन उघडण्याआधी विचारलं, आज ह्या फोनवर कोणतं काम अडलंय? मुलीनं ७२ तासांचं सांगितलं. तेव्हा लक्षात आलं की दोघंही सकाळपासून एकाच गोष्टीच्या मागे आहेत : फोन चालू झाला की मग विम्याची सूचना देऊ. दुरुस्ती तासाभरात होईल की दोन दिवस लागतील हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं. मुदतीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

म्हणून कामाचे तुकडे पाडले. ओटीपीसाठी फोन लागत नाही, सिम लागतं. सिम ट्रे पिनेनं उघडून बाहेर काढलं, पुसलं, वाळवलं. फोटोसाठी कोणताही कॅमेऱ्याचा फोन चालतो, मात्र तो शेतात न्यावा लागतो. राहिला पॉलिसीचा क्रमांक. पावतीची पीडीएफ बंद पडलेल्या फोनच्या व्हॉट्सअ‍ॅपवर होती, आणि मुलीला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच होती. मी विचारलं, अर्ज कुणी भरला होता? गावाजवळच्या सेवा केंद्रानं. मग त्यांच्याकडे नोंद असणारच. तिथं फोन लावला, त्यांनी पाच मिनिटांत क्रमांक सांगितला. मुलीनं तो वहीत लिहून घेतला.

आबांची एक शंका होती : सिम काढलं तर व्हॉट्सअ‍ॅप आणि त्यातलं सगळं जाईल. ही समजूत खूप जणांची असते आणि तिच्यामुळे लोक सिमला हात लावत नाहीत. सिम काढल्यानं फोनमधले फोटो, नंबर, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज कुठेही जात नाहीत. ते फोनच्या आतल्या मेमरीत असतात. बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅप दुसऱ्या फोनवर नव्यानं चालू करायचं तर पडताळणी पुन्हा मागतं, पण इथे ते करायचंच नव्हतं.

दुकानात गिऱ्हाइकांना तात्पुरता द्यायला एक जुना फोन ठेवलेला असतो. त्यात आबांचं सिम टाकलं, दुकानाच्या वायफायवर अ‍ॅप उतरवून घेतलं, कारण गावात नेटवर्क धड येईल याचा भरवसा नव्हता. १४४४७ लावून पाहिला, लाइन व्यस्त. त्या दिवशी सगळा मराठवाडाच तिथे फोन लावत असावा. म्हणून अ‍ॅपचा रस्ता धरला आणि मुलगी काळीपिवळीनं गावाकडे निघाली. आबा दुकानात थांबले.

या टप्प्यावर दुसरा एक पर्याय होता, आणि तो मी तोलून पाहिला होता. फोनची बॅटरी बाहेरून थोडी चार्ज करून दहा मिनिटांसाठी फोन चालू करायचा, पावती बघायची आणि त्याच फोनवरून सूचना द्यायची. ऐकायला सोपं. पण आत ओल आहे की नाही ते न बघता भिजलेल्या फोनला घाईनं वीज देणं मला पटलं नाही, आणि फोटोसाठी तो शेतात नेताना मध्येच बंद पडला असता तर मुलीची एक फेरी वाया गेली असती.

दुसरा निर्णय : कुठून तपासायला सुरुवात करायची

चार्जिंग न होण्याची कारणं हंगामाप्रमाणे बदलतात, हे इथे राहणाऱ्याला कळतं. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरातला फोन येतो तेव्हा मी आधी तो पंख्याखाली ठेवतो. लिथियम-आयन बॅटरी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसमध्येच चार्ज करायची असते. बॅटरीजवळचा तापमापक त्यापुढे गेला की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो किंवा अगदी हळू करतो. बाहेर ४२ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त, वर फोनची स्वतःची उष्णता, म्हणजे बिघाड काहीच नसताना तक्रार तयार. कापूस वेचणीच्या दिवसांत पोर्टात रुई ठासून बसलेली निघते, पिन आतपर्यंत जातच नाही. विजेच्या ताणाताणीच्या दिवसांत, संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरतं की हलके चार्जर दमतात. चांगल्या अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. आठवडी बाजारातल्या पन्नास-साठ रुपयांच्या अ‍ॅडॉप्टरचं तसं नाही. अ‍ॅडॉप्टर घेताना त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का एवढं तरी बघावं.

इथे मात्र पाऊस, थेंबाचं चिन्ह आणि सेफ्टी पीन, तिन्ही गोष्टी पोर्टाकडे बोट दाखवत होत्या. तरीही आधी चार्जर आणि केबल दुसऱ्या फोनला लावून बघितली. दोन्ही ठीक. मग यूएसबी मीटर लावून आबांच्या फोनला केबल जोडली : ५.१ व्होल्ट, ०.०० अँपिअर. आधीच्या दुकानात दिसलं होतं तेच. फरक पडला तो पुढच्या एका साध्या गोष्टीनं. मी केबलची पिन उलटी करून पुन्हा लावली. आता मीटरवर करंट ०.१० च्या आसपास लुकलुकायला लागला, मध्येच शून्य, मध्येच थोडा वर.

हे का महत्त्वाचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण ही चाचणी घरी कुणालाही करता येते. टाइप-सी पोर्टात मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्या वरच्या अंगाला १२ आणि खालच्या अंगाला १२ अशा २४ पिना. एका पिनेच्या मध्यापासून शेजारच्या पिनेच्या मध्यापर्यंत फक्त अर्धा मिलिमीटर. त्यातल्या सीसी नावाच्या पिना, प्रत्येक अंगाला एक, फोनला सांगतात की काहीतरी जोडलं गेलंय आणि ते सुलट आहे की उलट. साध्या चार्जिंग केबलमध्ये ही सीसीची तार एकाच बाजूला असते. म्हणून पिन सुलट लावली की फोनची एक सीसी पिन कामाला येते, उलट लावली की दुसरी. दोन्ही बाजूंनी वागणं वेगळं दिसलं, तर दोष पोर्टाच्या पिनांमध्ये असण्याची शक्यता खूप वाढते. बोर्डावरचा चार्जिंग आयसी पिन कोणत्या बाजूनं लावली ते बघून कधी बिघडत नाही आणि कधी सुधारत नाही.

याच रचनेत थेंबाच्या सूचनेचं कारणही आहे. सीसी पिनेच्या अगदी शेजारी पाच व्होल्टची पिन असते. मधे शेतातलं पाणी आलं की दोघींमध्ये वीज झिरपते. तशात चार्जर लावून ठेवला तर पिनांवरचा मुलामा विजेनं खाल्ला जातो आणि हिरवा-काळा थर चढतो, ज्याला आमच्या धंद्यात कार्बन आला म्हणतात. स्वच्छ पाण्यापेक्षा चिखलाचं, खताचं पाणी जास्त वाईट, कारण त्यात क्षार असतात आणि वीज जास्त वाहते. फोन सूचना देऊन चार्जिंग बंद करतो ते स्वतःला वाचवण्यासाठी. आबांच्या घरी तीन चार्जर लावून बघितले, त्या प्रत्येक वेळी पिनांना थोडी इजा झाली.

भिंगाखाली काय दिसलं

पोर्टाच्या तळाशी खिशातल्या तुसाचा दाबून घट्ट झालेला गोळा होता, चिखलात भिजून वाळलेला. तांदळाची पांढरी भुकटी त्यावर चिकटलेली. जिभेच्या एका अंगाला कडेच्या पिनांवर हिरवट थर, आणि त्याच भागात सेफ्टी पिनेचा ओरखडा. एक पिन मुलामा निघून तांबूस दिसत होती.

फोन उघडला. बॅटरी फुगलेली नव्हती, हे आधी बघितलं. फुगलेली असती तर पुढचं सगळं थांबवून ती बाजूला काढली असती. मग बॅटरीचं कनेक्टर सोडवलं, म्हणजे साफसफाई करताना कुठेच वीज राहत नाही. आतलं ओलाव्याचं पांढरं स्टिकर पोर्टाजवळ गुलाबी झालेलं होतं, मुख्य बोर्डाजवळचं मात्र पांढरंच होतं. इथे मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. पाणी खालच्या भागापर्यंतच गेलं होतं.

तूस लाकडी काडीनं काढली, पोर्ट आणि आतला सब-बोर्ड (पोर्ट ज्यावर असतो तो तळाचा छोटा बोर्ड) आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मऊ ब्रशनं धुतला, वाळू दिला. बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर ३.१ व्होल्ट. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टच्या वर असते, आणि फोन बंद पडतो तेव्हा साधारण सव्वातीनच्या आसपास. म्हणजे खोल उतरली होती, पण मेलेली नव्हती. इतकी उतरलेली बॅटरी चार्जरला लावल्यावर बराच वेळ स्क्रीनवर काहीच दिसत नाही. अशा वेळी अर्धा तास फोन तसाच ठेवावा, बटण दाबू नये. प्रत्येक वेळी चालू होण्याच्या धडपडीत फोन जमवलेली वीज खर्चून टाकतो.

पर्याय आणि त्यांची तोलामोल

साफ केल्यावर एका बाजूनं चार्जिंग सुरू झालं, मीटरवर ०.८ पर्यंत करंट. दुसऱ्या बाजूनं शून्यच. आबा म्हणाले, “मग एका बाजूनंच लावत जाऊ की. पैसे कशाला घालायचे?”

प्रश्न योग्य होता, आणि मी तो झटकून टाकला नाही. पण ज्या पिनेचा मुलामा गेलाय ती हवेतल्या ओलीनं आणखी खराब होत जाते, आणि सप्टेंबर अजून सगळा बाकी होता. शिवाय अंधारात, घाईत, लाइट तासाभरापुरती आलेली असताना पिनेची बाजू कोण बघत बसणार?

दुसरा पर्याय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा. ते जिल्ह्याच्या ठिकाणी. पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत आणि इथे वॉरंटी संपलेलीच होती. तिथे सुटा भाग अस्सल मिळतो ही मोठी जमेची बाजू, पण डेटा आधी काढून ठेवा असं सांगतात, आणि बंद फोनमधून तो काढणार कसा? तिसरा पर्याय आधी सुचवलेलं आयसीचं काम. त्यात मुख्य बोर्डावर गरम हवेचा झोत द्यावा लागतो. एकदा तो दिला की मागे फिरता येत नाही, आणि फोनचा सगळा डेटा त्याच बोर्डावर असतो. चौथा, नवा फोन. सोयाबीन पाण्यात असताना आठ-दहा हजार काढायचे म्हणजे उधारीच.

राहिला सब-बोर्ड बदलणं. हा फोनच्या तळाचा छोटा बोर्ड, ज्यावर पोर्ट, माइक आणि बहुधा अँटेनाची जोडणी असते. मुख्य बोर्डाला तो पट्टीनं जोडलेला असतो, सोल्डरिंग लागत नाही. याचा सगळ्यात मोठा फायदा असा की तो विकत घेण्याआधी तपासून बघता येतो. माझ्याकडे त्याच मॉडेलचा, स्क्रीन फुटून पडलेला फोन होता. त्याचा सब-बोर्ड तात्पुरता जोडला, बॅटरी जोडली, केबल लावली. दोन्ही बाजूंनी करंट सारखाच, दीड अँपिअरच्या जवळ. एवढ्यानं चार्जिंग आयसी संशयातून सुटला, मुख्य बोर्ड सुटला, बॅटरीही सुटली.

मग एक छोटा पण खरा पेच राहिला : त्या जुन्या फोनमधला अस्सल सब-बोर्ड बसवायचा की बाजारातला नवा, पण नकली? नकली नवा कोरा दिसतो आणि स्वस्त पडतो. माझा अनुभव असा की त्यात जलद चार्जिंग बऱ्याचदा चालत नाही आणि माइकचा आवाज बसका येतो. आबांना दोन्ही दाखवून सांगितलं. त्यांनी अस्सल जुना निवडला. मजुरीसकट खर्च पाचशेच्या आत आला.

एक मात्र मी आग्रहानं केलं. फोन सुरू झाल्यावर, पूर्ण जोडण्याआधी, मुलीचे नोट्स, फोटो आणि कागदपत्रं मेमरी कार्डवर उतरवून घेतली. भिजलेला फोन आज चालला म्हणून महिन्याभरानं चालेलच असं नसतं. ओल कुठल्यातरी चिपखाली राहिली असली तर कार्बन नंतरही वाढतो.

निष्पत्ती

मंगळवारी संध्याकाळी मुलीनं आबांच्याच नंबरवरून दुकानात फोन केला. सूचना नोंदली गेली होती, डॉकेट आयडी आला होता. मुदतीला अजून एक दिवस बाकी होता. शेतात नेटवर्क येत नसल्यानं तिला दोनदा बांधावरून रस्त्यापर्यंत यावं लागलं, पण काम झालं. आबांनी डॉकेट आयडी बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून घेतला, मी तो त्यांच्या हातातून घेऊन बँक पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून दिला.

फोन बुधवारी सकाळी जोडून दिला. आधी पंख्याखाली रात्रभर उघडा ठेवला होता. देताना मुलीला दोन गोष्टी सांगितल्या : मागचं झाकण कुठून उचललेलं दिसलं, म्हणजे बॅटरी फुगल्यासारखी वाटली, तर तो फोन उशाशी घेऊन झोपायचं नाही, लगेच आणायचा, आणि एकदा उघडलेल्या फोनचा कंपनीनं लावलेला डिंक सुटलेला असतो, तेव्हा पावसाचे शिंतोडे सोसण्याची जी काही ताकद होती ती आता नाही असंच धरायचं. ई-पीक पाहणी राहिली होती, ती तिनं त्याच आठवड्यात त्याच फोनवरून केली.

वेगळं काय करता आलं असतं

रविवारी रात्री फोन भिजून आला तेव्हा तो चालू होता आणि त्यात चार्जिंग शिल्लक होतं. त्या क्षणी तो बंद करून, पोर्ट खाली धरून हलकेच झटकून, पंख्याच्या किंवा नुसत्या वाऱ्याच्या जागी उभा ठेवला असता, तर बहुधा हे प्रकरण घडलंच नसतं. सोमवारी लाइट नव्हती तरी वारा होता. पोर्ट नीट वाळायला एक दिवससुद्धा लागू शकतो, तेवढा धीर धरावा लागतो. तांदळाचा उपयोग होत नाही. तांदूळ उघड्या हवेपेक्षा लवकर ओल ओढत नाही, उलट त्याची भुकटी आणि कण आत जातात. अ‍ॅपलनं तर आपल्या ग्राहकांना तांदळाच्या पिशवीत फोन ठेवू नका, बाहेरून उष्णता देऊ नका असं स्पष्ट लिहून सांगितलं आहे. आमच्याकडे चुलीजवळ वाळवलेले फोनही येतात. बॅटरीला ती धग नको असते.

पण एक अडचण मला मान्य आहे. त्या रात्री फोन बंद ठेवा म्हणणं सोपं नव्हतं. घरात एकच स्मार्टफोन, नदी वाढलेली, पुण्याहून मुलगा दर तासाला विचारतोय. अशा वेळी आबांचं सिम काढून आईच्या बटणांच्या फोनमध्ये टाकता आलं असतं. बोलणं चालू राहिलं असतं, आणि पुढे ओटीपीसुद्धा त्याच फोनवर आला असता. जुन्या बटणांच्या फोनला मोठं सिम लागतं, त्यासाठी दहा रुपयांचं सिम अडॅप्टर मिळतं. ते आणि ट्रे उघडायची पिन घरात असती तर सोमवारचा दिवस हातातून गेला नसता. शेजारच्या कुणाच्याही फोनवर अ‍ॅप उतरवून सोमवारीच सूचना देता आली असती.

सेफ्टी पिनेबद्दल मला राग येत नाही, कारण हाताशी तेच असतं. पण धातूचं टोक त्या जिभेला लागलं की मुलामा जातो, आणि बॅटरीत वीज असेल तर पिना एकमेकींना चिकटून शॉर्ट होण्याचा धोका असतो. फोन बंद करून, उदबत्तीची काडी बारीक तासून किंवा लाकडी टूथपिकनं, कडेकडेनं तूस काढावी. मधल्या जिभेवर जोर देऊ नये. काडी ओली नको.

आधीच्या दुकानातल्या कारागिराशी नंतर बोलणं झालं. त्या मंगळवारी त्याच्याकडे भिजलेल्या फोनांची रांग होती, प्रत्येकाला दोन मिनिटं मिळत होती. मीटरवर शून्य बघून आयसी म्हणणं ही त्या दोन मिनिटांतली सवय. माझं म्हणणं एवढंच होतं की पिन उलटी करून बघायला पाच सेकंद लागतात, आणि फोन भिजला होता का हे विचारायला त्याहून कमी. आबांना सेफ्टी पिनेचं स्वतःहून सांगायचं सुचलं नव्हतं, ते विचारल्यावर मुलीनं सांगितलं. त्या कारागिरानं तेव्हापासून आलेल्या प्रत्येक फोनला दोन्ही बाजूंनी मीटर लावायला सुरुवात केली, आणि ज्यात एकाच बाजूचा दोष निघतो ते फोन आता तो आयसीच्या कामाला न काढता आधी साफ करतो.